दहावीला पहिला येणारा जिल्हा आणि वीसच्या आतल्या शाळा

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आपल्या सिंधुदुर्गात नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे बॅनर लागतात. आपलं कोकण मंडळ (रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग) पुन्हा राज्यात पहिलं. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२, आणि त्याच वर्षी राज्याचा निकाल ९४.१०. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण जून उजाडतो आणि याच जिल्ह्यात दुसऱ्या यादीची चर्चा सुरू होते, कमी पटाच्या शाळांची. कुठली शाळा वीसच्या खाली गेली, कुठली दहाच्या, कुठली 'शून्य शिक्षकी' होणार. ज्या मुलांच्या निकालाचे बॅनर लागले त्यांतली कितीतरी याच शाळांतून श्रीगणेशा करून पुढे गेलेली असतात. ही यादी करणाऱ्यांनी बॅनरवरचा आकडाही एकदा शेजारी ठेवून बघावा, एवढ्यासाठी ही पोस्ट.

पट का घटला हे आधी नीट समजून घेऊ. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. जाणती मुलं मुंबईला नाहीतर गोव्याला, तिथेच लग्नं, तिथेच संसार, आणि नातवंडं गणपतीत आठवडाभर वाडीत. जे इथे राहिले त्यांतल्या पगारदारांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पट घटला तो शिक्षक शिकवत नाहीत म्हणून, असं सरसकट म्हणणारे लोक भेटतात तेव्हा राग येतो. वाडीत पाळणाच हलला नाही तर गुरुजींनी पट आणायचा कुठून?

मग जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतं कोण? मोलमजुरी करणाऱ्यांची, रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) जाणाऱ्यांची, काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या आयांची मुलं. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलं. देवगडच्या आंबा बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी जोडप्यांची मुलं. यातली काही वर्षाच्या मधेच दाखल होतात आणि पावसाच्या तोंडावर आईबापांबरोबर निघून जातात. घरी कन्नड किंवा नेपाळी बोलणारं लेकरू चार महिन्यांत मराठी वाचायला लागतं, गाळलेल्या जागा भरतं, शेजारच्या पोरांबरोबर मालवणीत भांडतं. हे काम कुठल्याच निकालपत्रकात दिसत नाही. दहावीच्या टक्केवारीत तर नाहीच, कारण ते मूल तोवर इथे असेलच असं नाही. माझ्या लेखी या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं शैक्षणिक काम हेच आहे.

टक्केवारीबद्दल अजून एक. वर्गात चारच मुलं असली तर एक मूल म्हणजे २५ टक्के. ते एक लेकरू चाचणीच्या दिवशी तापाने घरी राहिलं की शाळा 'घसरली'. पुढच्या वर्षी दोन हुशार भावंडं आली की शाळा 'आदर्श'. शंभर मुलांच्या शाळेला लावायची फुटपट्टी इथे लावून काही कळत नाही. इथे एकेका मुलाचीच नोंद बघावी लागते, आणि पट लहान असल्यामुळे ती बघता येते.

लहान शाळेच्या अडचणी मला मान्य आहेत. चार इयत्ता, सात मुलं, आणि एकच शिक्षक. त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, केंद्रावरची बैठक. बाई बैठकीला गेल्या की शाळा बंद. खेळायला गडी नाहीत, वादावादी करायला जोडीदार नाही. मोठ्या शाळेत मुलाला जे मिळतं त्यातलं बरंच इथे मिळत नाही. पण शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत. संचमान्यता म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं; १५ मार्च २०२४ च्या तिच्या निर्णयाने वीसपर्यंतच्या प्राथमिक शाळेला एकच नियमित शिक्षक ठेवला, आणि दुसरा 'आवश्यकता वाटल्यास' निवृत्तांमधून. आधी शिक्षक कमी करायचे, मग एका शिक्षकाला चार इयत्ता झेपत नाहीत म्हणून शाळा बंद करायची, हे मला पटत नाही.

२०२३ ला समूहशाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुलं असल्याचा आकडा आला होता. उदाहरणं दिली होती तोरणमाळ आणि पानशेतची. तिथे झालं असेल चांगलं. पण आपल्याकडे नकाशावर दीड किलोमीटर दिसणारं अंतर म्हणजे मध्ये एक घाटी, एक व्हाळ (ओढा) आणि त्यावरचा डुगडुगणारा साकव. आमच्याकडच्या पालकसभेत एक आई उठून एवढंच म्हणाली, "व्हाळाक पाणी इला काय चेडवाक शाळेत कसा धाडूचा?" (ओढ्याला पाणी आलं की मुलीला शाळेत कसं पाठवायचं?) त्यावर वरून आलेल्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. गाडी देऊ म्हणाले. ती गाडी कोण चालवणार, डिझेलचे पैसे किती महिन्यांनी येणार, सड्यावर (वरच्या माळावर) चिखल झाला की काय, हे कोणी बोललं नाही.

सरसकट विरोध माझाही नाही. डांबरी रस्त्यावर हाकेच्या अंतरावर दोन शाळा असतील, दोन्हीकडे पाच-सहा मुलं असतील, तर त्या एकत्र कराव्यात. मुलांचा फायदाच होईल. पण तो निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत व्हावा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांतल्या बायकांना बोलू द्यावं, आणि जुलैच्या पावसात एकदा तो रस्ता अधिकाऱ्यांनी मुलांबरोबर चालून बघावा. गाडी आधी सुरू व्हावी, शाळा नंतर हलावी. जिथे दुसरी शाळा पायवाटेच्या पलीकडे आहे तिथे पट तीन असला तरी शाळा राहावी, आणि तिला शिक्षक असावा.

आणि तो शिक्षक टिकावा. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या अनेक शिक्षकांनी इथे जीव ओतून काम केलंय, पण त्यांचं घर तिकडे, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी तिकडे. आंतरजिल्हा बदल्या झाल्या की एका आदेशात शाळा रिकाम्या होतात. इथल्या डी.एड. झालेल्या मुली-मुलांनी स्थानिकांना प्राधान्य द्या म्हणून किती आंदोलनं केली. त्यांतल्या कित्येकांनी दरम्यान गोव्यात नोकऱ्या धरल्या.

यंदाच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या गावातल्या प्रत्येक शाळेचा पट, मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्षात किती आणि पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येणारी मुलं किती, हे चार आकडे लिहून ठराव करा. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत शेवटचा आकडा तयार मिळतो. चाकरमान्यांनो, गणपतीत आलात की तुम्हीही शाळेत एक चक्कर मारा, आणि ठरावाच्या प्रतीला तुमच्या मुंबईतल्या गावमंडळाचं पत्र जोडा. जिल्हा परिषदेत त्याला वजन असतं.