घेणे तीन महिन्यांचे, देणे वीस वर्षांचे

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांवरून, म्हणजे बँक नसूनही कर्जे देणाऱ्या कंपन्यांवरून. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचे म्हणणे सरळ होते: बँकेचा धंदा करायचा, तर बँकेचे सगळे नियम पाळा. त्यावर जांभळी नाक्यावर दुकान असलेला मित्र उसळला. ‘काका, तुमच्या बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली, वर तारण. अशा वित्त कंपनीचा माणूस दुकानात येऊन बसला, गल्ला आणि खरेदीची बिले पाहून गेला. व्याज जास्त आहे, पण दिवाळीचा माल वेळेत भरता आला.’

काकांनी मग २०१८ काढले. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीने त्या सप्टेंबरात देणी थकवली, तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते. आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तिला सर्वोच्च पतमानांकन होते!

मला काकांचा दाखला पटला, निष्कर्ष नाही. त्या वेळी फास बसला तो कंपन्यांनी पैसा उभा कसा केला होता यामुळे. म्युच्युअल फंडांना तीन-तीन महिन्यांचे कमर्शियल पेपर, म्हणजे अल्पमुदतीचे विनातारण कर्जाचे कागद, विकायचे, त्यातून वीस वर्षांची गृहकर्जे द्यायची आणि मुदत भरली की नवे कागद विकून जुने फेडायचे, हे चक्र आयएल अँड एफएसमुळे धास्तावलेल्या फंडांनी हात आखडताच थांबले. म्हणून नियमनाचा रोख दुकानदाराच्या कागदपत्रांपेक्षा कंपनीच्या उसनवारीवर हवा. रिझर्व्ह बँकेने मोठ्या कंपन्यांना डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने लावलेली अट मला त्यामुळेच मोलाची वाटते: पुढच्या तीस दिवसांच्या ताणात जेवढी रक्कम बाहेर जाऊ शकते, तिला पुरेल इतकी चटकन विकता येणारी मत्ता हाताशी ठेवायची. ऑक्टोबर २०२२ पासून आकार व जोखीम पाहून कंपन्यांचे स्तर पाडले, हेही योग्यच. नाक्यावरच्या छोट्या कंपनीला आणि देशभर पसरलेलीला एकच माप कशाला?

काका मात्र हटले नाहीत. ‘अरे, या कंपन्यांना पैसा देतो कोण? पुन्हा बँकाच, म्हणजे ठेवीदार. बँकांनी त्यांना दिलेल्या बऱ्याच कर्जांवरचा जोखीमभार, म्हणजे कर्जामागे बँकेने किती स्वतःचे भांडवल ठेवायचे ते ठरवणारे माप, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये २५ टक्के-अंकांनी वाढवला होता, तो एप्रिल २०२५ पासून मागे का घेतला?’

‘कारण तो बोजा शेवटी आमच्याच व्याजदरात येतो,’ दुकानदार म्हणाला. काकांना हे उत्तर मुळीच पुरले नाही. या प्रश्नावर तरी मी काकांच्या बाजूचा आहे.