सुखरूप परतला, म्हणजे संपले?

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा सारांश असा: फौजी सुखरूप घरी आला की घरच्यांचा ताण संपतो, मनाचे आजार हे पाश्चात्त्यांचे खूळ असून आपला जवान मुळातच खंबीर असतो, शिवाय पगार, कँटीन आणि पेन्शन असल्यावर त्या घराला कसली ददात?

पहिला दावा करणाऱ्याने फौजीचे घर आतून पाहिलेले नसावे. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज-चंदगडपर्यंत अशी घरे गावोगाव आहेत. माझे वडील सीमेवरून सुट्टीवर येत, तेव्हा आईने एकटीने चालवलेल्या घरात त्यांना स्वतःची जागा शोधावी लागे. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, सोसायटीचे कर्ज कधी फेडायचे, हे आईने आधीच ठरवलेले असे. ते त्यात बदल करू लागले की दोघांत अबोला सुरू होई. रात्री ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून झोपत. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला की त्यांचा हात ताटातच थांबे, आणि आम्ही भावंडे तोंडातला घास तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहत असू.

खुळाविषयी. 'शेल शॉक' (युद्धातील आघाताने सैनिकाच्या मनावर होणारा परिणाम) हा शब्द १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी वैद्यकीय लेखनात आणला आणि आघातोत्तर तणावाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली, हे खरे आहे. इन्सुलिनही कॅनडातच सापडले; म्हणून कोल्हापुरात मधुमेह नाही, असे कोणी म्हणत नाही. आपल्या लष्करासाठीही १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांकरिता टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा, स्वतंत्र कक्ष सुरू झाला, तो उगाच नव्हे.

राहिली पेन्शन. तिचे आणि माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी २००३ पासून असलेल्या ईसीएचएस योजनेचे मोल मी नाकारत नाही. परंतु शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीवर येतो. मुले शाळेत असतात, दुसरी नोकरी शोधायची असते, आणि इतकी वर्षे सुट्टीपुरता जुळवून घेतलेला संसार आता रोजचा होतो. दवाखान्यात तो गुडघ्याची तक्रार सांगतो, झोपेची सांगत नाही. वडिलांनीही कधी सांगितली नाही. आईने एकदा त्यांच्यादेखत डॉक्टरांना सांगितली. परतताना एसटीत दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले होते.