शंभर रुपयांमागे वीस पैसे

"दादा, चोरी व्यापाऱ्याने करायची आणि वर्गणी आपण भरायची?" निफाड तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाने गेल्या आठवड्यात फोनवर विचारलेला हा प्रश्न अजून मला स्वस्थ बसू देत नाही. द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला, तर भरपाई देणारा आणि शेतकऱ्यांच्याच विक्रीतून उभा राहणारा निधी आपल्याकडेही असावा, एवढेच मी सुचवले होते. त्यावर अमेरिकेचे शहाणपण तिकडेच ठेव, असेही मला ऐकावे लागले.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात असा निधी १९९० च्या दशकापासून आहे. मका किंवा सोयाबीन विकणाऱ्याच्या हिशेबातून ०.२ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे वीस पैसे, या दराने रक्कम कापली जाते. निधी ठरलेल्या पातळीला पोहोचला की कपात थांबते आणि आटला की पुन्हा सुरू होते. परवानाधारक एलिव्हेटर, म्हणजे धान्य विकत घेणारे आणि साठवणारे कोठार, बुडाले, तर साठवायला दिलेल्या धान्याची पूर्ण आणि विकूनही पैसे न मिळालेल्या धान्याची ८० टक्के भरपाई मिळते. ज्याला हे मान्य नसेल त्याला कापलेली रक्कम परत मागता येते, मात्र मग त्याचे संरक्षणही जाते. चुलतभावाच्या दहा लाखांच्या मालावर या दराने दोन हजार रुपये कापले गेले असते आणि पैसे बुडाल्यावर आठ लाख हाती आले असते. बागेच्या एका फवारणीला तो याहून अधिक खर्च करतो.

त्याचे एक म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. इंडियानात धान्य खरेदीचा परवाना देताना खरेदीदाराची आर्थिक स्थिती तपासली जाते, आणि निधीचे संरक्षण त्या परवान्याशीच बांधलेले असते. आमच्याकडे सौदा बांधावर होतो. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आणि खरेदीदाराची ओळख म्हणजे एक मोबाइल क्रमांक व दलालाचा शब्द, एवढीच उरली. पण मग परवान्याची मागणी करावी. निधीच नको, हे त्यावरचे उत्तर कसे? २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी मोहीम काढून बुडवलेले पैसे वसूल करून दिले, याचे मलाही कौतुक आहे. तथापि अधिकाऱ्याची बदली होते, आणि कायद्याने उभारलेला निधी जागेवर राहतो.

मी इतका इरेला का पेटतो, हे त्याला ठाऊक आहे. आमच्या बागेचा माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचा धनादेश वटला नाही, तेव्हा वडिलांनी नाशिकला किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. ऑक्टोबरात इथल्या एलिव्हेटरबाहेर मक्याच्या ट्रकांची रांग दिसली की मला फेब्रुवारीतली खुडणी, क्रेटमध्ये अंथरलेला कागद आणि पेन्सिलीने वजने लिहिणारे वडील आठवतात. त्या वर्षी सोसायटीचे कर्ज मी इथून पैसे पाठवून फेडले, आणि घरासाठी आपण काहीतरी केले असे मला मनापासून वाटले.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा वडिलांची वही उघडून पाहिली. ती रक्कम त्यांनी तारखेसह माझ्या नावावर देणे म्हणून मांडली होती. निधीतून आले असते, तर ते त्यांचे स्वतःच्या द्राक्षांचे पैसे असते. मी ती नोंद खोडू लागलो, तेव्हा त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.