मागे राहण्याची भीती घालवणारं पत्र

मराठी ख्रिस्ती लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. २०२५ च्या सप्टेंबरात तर त्याला ऊत आला होता, कारण २३-२४ सप्टेंबरला येशू आपल्या लोकांना उचलून नेणार, असं दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाचं सांगणं जगभर पसरलं होतं. ती तारीख उलटली, तरी मजकूर फिरायचा थांबलेला नाही. त्याचा गोषवारा असा: बायबलच्या नव्या करारातलं, पौल या प्रेषिताने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र म्हणजे शेवटच्या काळाचं वेळापत्रक आहे. त्याच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे खरे विश्वासणारे एका क्षणात गुपचूप नाहीसे होतील, बाकीचे मागे राहून सात वर्षं महासंकट भोगतील. पाचव्या अध्यायातली ‘शांती’ म्हणजे आज होणारे शांतता करार. मंडळी पहिल्यापासून हेच मानत आली आहे. तेव्हा नोकरी-धंद्यात जीव अडकवू नका, वेळ संपली आहे.

येशू पुन्हा येणार, यावर माझा विश्वास आहे आणि तो मी दर रविवारी मंडळीबरोबर उभं राहून बोलून दाखवतो. माझी हरकत या पत्राच्या अशा वाचनाला आहे. ती नुसती पुस्तकी नाही. आमच्या बायबल अभ्यासाच्या वर्गात एक आजी हाच मजकूर मोबाइलवर घेऊन आल्या. त्यांचे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, “उचलून नेणार ते जिवंत असलेल्यांना. मग आमचे हे तर आधीच गेले. त्यांचं काय हो?” वर्गात कोणी काही बोलेना. नेमका हाच घोर सुमारे १,९७५ वर्षांपूर्वी थेस्सलनीकाच्या लोकांना लागला होता, आणि ज्या ओळी आजींच्या मोबाइलवर धमकीसारख्या आल्या, त्या तो घोर घालवायला लिहिलेल्या होत्या.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला, वेळापत्रकाचा. हे पत्र कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं ते पाहा. पौल आणि त्याचा सोबती सिल्वान फिलिप्पैत मार खाऊन, तुरुंग पाहून, तरुण सहकारी तीमथ्यासह एग्नातिया या रोमी हमरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर चालून थेस्सलनीकाला आले. मासेदोनिया प्रांताची ती राजधानी, मोठं बंदर. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीन शब्बाथ यहुद्यांच्या सभास्थानात वाद केल्याचं सांगितलं आहे. मुक्काम त्याहून काहीसा लांबला असावा, कारण तिथे असताना फिलिप्पैकरांनी एकदा सोडून दोनदा मदत पाठवल्याचं पौल स्वतः लिहितो. तरीही फार तर काही महिने. मग दंगा झाला, त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव चालून गेला, त्याच्याकडून जामीन घेतला गेला आणि पाहुण्यांना रातोरात बिरुयाला पळवावं लागलं. मागे राहिली ती नुकतीच उभी राहिलेली, नेमलेला पाळक नसलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष ओढवून घेतलेली मंडळी. पौलाचा जीव राहवेना. त्याने अथेनैहून, म्हणजे अथेन्सहून, तीमथ्याला उलट पाठवलं, स्वतः एकटा राहिला. तीमथ्य चांगली बातमी घेऊन परतला, आणि त्या आनंदात करिंथहून हे पत्र गेलं. करिंथमध्ये पौलाला ज्याच्या न्यायासनापुढे उभं केलं गेलं तो रोमी सुभेदार गल्लियो इ.स. ५१-५२ च्या सुमारास तिथे होता हे देल्फीच्या शिलालेखामुळे कळतं, त्यावरून पत्राचा काळ ५० किंवा ५१ असा धरतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते नव्या करारातलं हे सगळ्यात जुनं लिखाण.

पत्रात ८९ वचनं आहेत. त्यांतली पहिली ४३, म्हणजे तीन पूर्ण अध्याय, आठवणी, आभार आणि ‘तुम्हाला भेटायला किती तळमळलो’ यात जातात. आई आपल्या लेकरांना जपते तसं आम्ही तुम्हाला जपलं, बाप लेकरांना समजावतो तसं समजावलं, असं तो लिहितो. प्रभूच्या येण्याचा उल्लेख प्रत्येक अध्यायाच्या शेवटाकडे येतो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. त्या लोकांची आशा तीच होती. पण वेळापत्रक? पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल सांगतो की काळवेळाविषयी तुम्हाला काही लिहिण्याची गरज नाही. ज्या पत्राचा लेखक तारखांचा विषय काढायलाच नकार देतो, त्याच पत्रातून तारखा काढल्या जातात.

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: गुपचूप नाहीसं होणं आणि मागे राहणं. चौथ्या अध्यायाचं तेरावं वचन उघडा. सुरुवात मेलेल्यांपासून होते. ‘निजलेल्यांविषयी तुम्ही अजाण असावं अशी आमची इच्छा नाही,’ म्हणजे ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा शोक तुम्ही करू नये. पौल गेल्यानंतरच्या थोड्या काळात त्या मंडळीत कोणीतरी दगावलं होतं. प्रभू येईल तेव्हा आपण असू, पण आपली माणसं त्या सोहळ्याला मुकणार, अशी धास्ती मागच्यांनी घेतली. त्या काळच्या रोमी थडग्यांवर एक ठरीव मजकूर कोरलेला सापडतो: नव्हतो, होतो, नाही, मला त्याचं काही नाही. असल्या थडग्यांच्या जगात ही माणसं आपले मुडदे पुरत होती.

त्यांना दिलेलं उत्तर असं: जिवंत उरलेले आपण निजलेल्यांच्या पुढे जाणार नाही. ख्रिस्तामध्ये जे मेले ते आधी उठतील. मग आपण त्यांच्याबरोबर मेघांत घेतले जाऊ. सगळा भर ‘त्यांच्याबरोबर’ वर आहे. या सहा वचनांत मागे राहणाऱ्यांची एकही ओळ नाही. गाड्या वाऱ्यावर सोडून चालक गायब, चुलीवर भाकरी तशीच आणि बाई नाहीशी, हे सगळं नंतरच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आलं. आणि गुपचूप तर मुळीच नाही. आज्ञेचा घोष, आद्यदेवदूताची वाणी, देवाच्या तुतारीचा नाद. इतका आवाज असलेली दुसरी घटना पौलाच्या पत्रांत शोधून सापडायची नाही.

इथे कोणी मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवतं: शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. त्याच्या आधीचं वाक्यही वाचायला हवं. नोहाच्या दिवसांत जलप्रलय आला आणि सगळ्यांना वाहवून घेऊन गेला. तिथे ‘नेले गेले’ ते बुडालेले, आणि ‘ठेवला गेला’ तो नोहा. मागे राहण्याची भीती घालायला हे वचन उपयोगी नाही.

मग मेघांत जायचं कशासाठी? पत्र सांगतं, प्रभूला सामोरं होण्यासाठी. राजा किंवा मोठा अधिकारी शहराकडे यायला निघाला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि मिरवत आत आणत, ही त्या जगातली ठरलेली रीत. आपल्याकडे पालखी यायची म्हटली की गाव शिवेपर्यंत जातो आणि तिच्याबरोबरच गावात परततो, तसंच हे. नव्या करारातही हीच रीत दिसते. येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या निघतात त्या त्याच्याबरोबर लग्नघरात यायला. पौल कैदी म्हणून रोमच्या वाटेवर असतो तेव्हा तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत, साठेक किलोमीटर, त्याला भेटायला येतात आणि त्याच्याबरोबर रोमला जातात. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम या नामांकित धर्मोपदेशकाने या पत्रावर प्रवचनं दिली, त्यांतही तो हाच दाखला देतो: राजा नगरात येतो तेव्हा मानाची माणसं बाहेर सामोरी जातात, अपराधी आत न्यायाची वाट पाहतात. मेघांतली भेट झाल्यावर पुढची वाटचाल कुठे, हे पौलाने लिहिलेलं नाही, तेव्हा तेवढ्यावर कोणी मोठं शास्त्र उभारू नये, मीही उभारत नाही. ‘आणि तसेच आपण सदासर्वकाळ प्रभूजवळ राहू’ एवढं सांगून तो थांबतो. आजींना वर्गात मी हेच वाचून दाखवलं आणि मग पुढचं वाक्य: म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. मराठी मंडळ्यांत हा भाग दफनाच्या वेळी कबरीपाशी वाचतात. त्याची खरी जागा तीच आहे.

अठराव्या वचनापाशी बरेच वाचक पुस्तक मिटतात, कारण अध्याय संपतो. पण अध्यायांचे हे आकडे तेराव्या शतकातले, वचनांचे १५५१ मधले. पौलाने एका दमात सांगितलेलं मधोमध कापलं गेलं आहे. पुढे रात्रीच्या चोराची गोष्ट येते आणि मजकूर पाठवणारे तिथूनच ‘सावधान’ म्हणतात. दोनच वचनांनंतर काय आहे? ‘पण बंधूंनो, तुम्ही अंधारात नाही की त्या दिवसाने तुम्हाला चोरासारखं गाठावं.’ शेवट पुन्हा तोच, अकराव्या वचनात: एकमेकांना धीर द्या, एकमेकांची उभारणी करा. मधे हेही म्हटलं आहे की आपण जागे असलो काय नि निजलेले असलो काय, त्याच्याबरोबरच जगणार. मजकूर आला की ४:१३ ते ५:११ ही सतरा वचनं सलग आणि मोठ्याने वाचावीत, असं मी वर्गात सांगतो. तीन मिनिटंही लागत नाहीत.

तिसरा मुद्दा, ‘शांती आहे, सुरक्षितता आहे’ असं लोक म्हणतील तेव्हा अकस्मात नाश येईल, हे वचन. पश्चिम आशियात कुठेही करारावर सह्या झाल्या की हे वचन फिरू लागतं. पण ज्यांना पत्र गेलं त्यांच्या कानावर हे शब्द रोजच पडत होते. शांतता आणि निर्धास्तपणा या सम्राटाने दिलेल्या देणग्या आहेत, असं रोमी सत्ता नाण्यांवर, शिलालेखांत, वेद्यांवर सांगत असे. रोममधली ऑगस्टसच्या शांतीची वेदी इ.स.पूर्व ९ मध्ये अर्पण झाली. थेस्सलनीकाच्या टांकसाळीतून तर ज्युलियस सीझरला देव म्हणणारी नाणी निघाली होती. याच शहरात यासोनावर आरोप काय ठेवला गेला? हे लोक कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, हुकुमांविरुद्ध वागतात, येशू नावाचा दुसराच राजा आहे म्हणतात. म्हणून अनेक अभ्यासकांना या वचनात रोमी घोषणेची चाहूल लागते, आणि मला ते पटतं. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या घरात जमणाऱ्या मंडळीला हे वाक्य कोणाविषयी आहे ते समजावून सांगावं लागलं नसेल.

सात वर्षांचा मुद्दा लवकर आटोपतो. हा आकडा या पत्रात नाही. जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातल्या शेवटच्या आठवड्यावरून, एका दिवसाला एक वर्ष धरून, तो काढतात आणि इथे आणून जोडतात. ‘देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही’ या वचनाचा आधार देऊन विश्वासणाऱ्यांची संकटातून आधीच सुटका होईल असं सांगितलं जातं. क्रोध म्हणजे देवाचा न्याय. संकटांविषयी पौल तिसऱ्या अध्यायात अगदी उलट लिहितो: ही आपल्या वाट्याला नेमलेलीच आहेत, आम्ही तुमच्याजवळ असताना हे आधीच सांगत होतो.

‘मंडळी पहिल्यापासून हेच मानत आली’ हा दावा इतिहासाला धरून नाही. आधी गुपचूप उचलणं आणि मग काही वर्षांनी उघड येणं, असे दोन टप्पे करून शिकवणारा मुख्य माणूस म्हणजे जॉन नेल्सन डार्बी, आयर्लंडमधला अँग्लिकन पाळक, पुढे प्लिमथ ब्रदरन चळवळीचा पुढारी. ही शिकवण १८३० च्या दशकात आकाराला आली आणि १९०९ च्या स्कोफील्डच्या टीपांसहित बायबलमुळे अमेरिकेत घरोघर पोचली. टीपा वचनांच्याच पानावर छापलेल्या, त्यामुळे वाचकाला दोन्ही सारखंच पवित्र वाटू लागलं. बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांचा मराठी नवा करार १८११ सालचा आहे. म्हणजे हे वचन मराठीत छापलं गेलं तेव्हा ही शिकवण अजून जन्माला यायची होती. आणि नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत मिळून बोलायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण काय म्हणतो? जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने पुन्हा येईल. एकदाच.

राहिला शेवटचा सल्ला, कामधंद्यात जीव अडकवू नका हा. याने माणसं खरोखर देशोधडीला लागतात. २१ मे २०११ ही तारीख अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून जाहीर केली, तेव्हा त्याच्या काही अनुयायांनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातफलकांवर खर्च केली. २२ तारखेला त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. पौलाने याच पत्रात, मेलेल्यांच्या विषयाला हात घालण्याच्या फक्त दोन वचनं आधी, लिहिलं आहे: शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, स्वतःच्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्यांशी तुमचं वागणं सभ्यपणाचं राहील आणि तुम्हाला कशाची गरज पडणार नाही. त्याने स्वतः तिथे रात्रंदिवस कष्ट केले ते कोणावर भार पडू नये म्हणून, हे दुसऱ्या अध्यायात आहे. आणि पाचव्याच्या चौदाव्या वचनात मंडळीला नेमून दिलेलं काम आहे: अव्यवस्थित वागणाऱ्यांची कानउघाडणी करा, धीर खचलेल्यांना उत्तेजन द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. आमच्या वर्गातल्या आजींना आता दर गुरुवारी कोणी ना कोणी भेटायला जातं.