लवेच्या रंगावरून बदकाची जात ठरत नाही

पावसाळ्यापूर्वी बदकांची पिल्ले घेऊ पाहणाऱ्या गोव्यातील अनेकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे: पिवळे पिल्लू म्हणजे व्हाइट पेकिन, तपकिरी म्हणजे खाकी कॅम्पबेल, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ते गावठी, आणि गडद चोचीची ती मादी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एवढ्या भांडवलावर पैसे मोजले जाऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

पेकिनचे पिल्लू पिवळे असते, हे खरे. पण पिवळे प्रत्येक पिल्लू पेकिन नसते. पिवळ्या लवेवरून मोठेपणी पिसे बहुधा पांढरी येतील, एवढाच अंदाज बांधता येतो, कारण एल्सबरी, विगोवा आणि पांढरी मस्कोव्ही यांची पिल्लेही पिवळीच असतात. यांतील मस्कोव्हीची गल्लत सर्वांत महाग पडते. ती मुळात मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र प्रजाती असून बाकीची पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत. म्हणून या दोहोंच्या संकरातून होणारी बदके वांझ निघतात आणि पैदाशीच्या उपयोगाची नसतात. पिल्लाची नखे बोटाला टोचण्याइतकी अणकुचीदार असतील, तर मस्कोव्हीचा संशय घ्यावा. खुडूक कोंबडीखाली अंडी किती दिवस होती, हेही विक्रेत्याला विचारावे, कारण मस्कोव्हीच्या अंड्यांना सुमारे 35 दिवस लागतात, तर इतरांना 28.

तपकिरी रंगाबाबतचे विधान अधिक फसवे आहे, कारण वर्षाला 300 अंड्यांपर्यंत जाणाऱ्या खाकी कॅम्पबेलच्या नावावरच पिल्लाची किंमत वाढते. शुद्ध खाकी कॅम्पबेलच्या पिल्लाच्या डोळ्यावरून ठळक गडद रेघ जात नाही. रेघ स्पष्ट असेल तर ते पिल्लू शुद्ध नाही, असे निःशंक मानावे. मात्र रेघ नसणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. खाकी रंग लिंगाशी जोडलेल्या अप्रभावी गुणातून येतो, त्यामुळे खाकी नर आणि गडद रंगाची दुसऱ्या जातीची मादी यांच्या संकरातही माद्या तपकिरी निपजतात. आई-बाप दोन्ही डोळ्यांनी पाहणे, किंवा उबवणी केंद्राची नोंद मागणे, याला माझ्या मते पर्याय नाही.

पट्टेदार पिल्लू गावठी, हे विधान तर धोक्याचेच आहे. रुआं या विदेशी जातीचे पिल्लूही तसेच दिसते. शिवाय आपल्या पाणथळींत राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकाचे पिल्लूही. करमळीच्या तळ्यासारख्या ठिकाणची रानबदके वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, आणि त्यांची पिल्ले पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. तळ्याकाठून "सापडलेले" पिल्लू कोणी देऊ लागला, तर ते मुळीच घेऊ नये.

गडद चोचीची मादी, हाही नियम सरसकट लागू पडत नाही. पेकिनमध्ये तर पिल्लांच्या चोचींत असा फरकच नसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत गुदद्वार तपासून नर-मादी सांगता येते, पण ते सरावलेल्या हाताचे काम आहे, आणि अननुभवी माणसाने केल्यास पिल्लाला इजा होते. सहा ते आठ आठवड्यांनी आवाज फुटतो: मादी मोठ्याने क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा व दबका राहतो. पुढे नराच्या शेपटीवर वळलेले पीस येते. मस्कोव्हीच्या नराला मात्र तेही येत नाही.