सिम्पसन शूर होता, तीनशेचा आकडा मात्र खोटा

मेलबर्नच्या भाचीचा मुलगा सहावीत आहे. अँझॅक दिनाला, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, शाळेत बोलायचं म्हणून त्याने घरच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर पाठ केला आणि व्हिडिओ कॉलवर मला म्हणून दाखवला. ऑस्ट्रेलियन सैन्यातला स्ट्रेचरवाहक जॉन सिम्पसन याने पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत २४ दिवसांत गाढवाच्या पाठीवरून एकट्याने ३०० जणांचे प्राण वाचवले, त्याच्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाची शिफारस झाली, पण बाहेरून आलेला म्हणून पदक नाकारलं, असं त्यात होतं. सोबत फोटो. पोराचे डोळे भरून आले होते, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. आता राहवत नाही.

पदकाचं आधी, कारण विखार तिथे आहे. ‘परका म्हणून डावललं’ हे वाचलं की परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या माणसांना ते लगेच लागतं, आणि शहानिशा न करता मजकूर पुढे जातो. सिम्पसन बाहेरचा होता हे खरं. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा, आडनाव कर्कपॅट्रिक. १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात जहाजावरून पळाला, ऊस तोडला, कोळशाच्या खाणीत राबला, आईला पैसे पाठवत राहिला आणि १९१४ मध्ये आडनाव गाळून सैन्यात भरती झाला. पण गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियन सैन्याला मिळालेल्या ९ व्हिक्टोरिया क्रॉसपैकी एक लिओनार्ड कीझरचा आहे, आणि कीझर लंडनचा. दुसरा आल्फ्रेड शाउटचा. तो न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, आणि त्याला तर मरणोत्तर मिळाला. मग सिम्पसनच्याच वाटेत जन्मस्थान कसं आडवं आलं?

शिफारशीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सिम्पसन मेल्यावर दुसऱ्याच दिवशी, २० मे १९१५ रोजी, ऑस्ट्रेलियन ब्रिगेडप्रमुख कर्नल मोनॅश यांनी वरिष्ठांना पत्र लिहून त्याच्या निर्भयपणाची मनापासून तारीफ केली. त्या पत्रात व्हिक्टोरिया क्रॉसचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण सन्मान न्यायाधिकरणाने हे सगळं प्रकरण तपासलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष दिला: सिम्पसनचं शौर्य त्याच्या तुकडीतल्या इतर स्ट्रेचरवाहकांसारखंच होतं, आणि युद्धअहवालात नावानिशी उल्लेख होऊन त्याची योग्य दखल तेव्हाच घेतली गेली होती. हा निष्कर्ष वाचला असता तर मजकूर लिहिणाऱ्याची गोष्ट तिथेच संपली असती.

तीनशेचा हिशेब कोणी ठेवला होता? गाढवावर बसू शकेल असाच जखमी त्यावरून नेता येतो, म्हणजे बहुतेक पायाला गोळी लागलेला. पोटात किंवा डोक्यात लागलेल्याला स्ट्रेचरच लागायचा, आणि तो उचलायला दोघं-चौघं. शत्रूच्या खंदकांसमोरून नव्हे, मोनॅश खोऱ्यातून खाली किनाऱ्याकडे तो जखमींना नेई. त्या वाटेवर नेमबाज आणि तोफगोळे होतेच, १९ मेला तिथेच तो मेला. वय २२. ‘एकट्याने’ हा शब्द मात्र त्याच वाटेवर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चालणाऱ्या प्रत्येकाला पुसून टाकतो. त्यांच्याकडे गाढव नव्हतं, म्हणून त्यांची गोष्ट झाली नाही.

फोटोतला माणूस सिम्पसन नाहीच. तो न्यूझीलंडचा रिचर्ड हेंडरसन, पेशाने शिक्षक. तोही गाढवावरून जखमी आणायचा, आणि युद्धातून जिवंत परतला.

आणि मजकुरात जे नाही, त्याची मला जास्त चुटपुट लागली. सिम्पसनने मुक्काम केला होता तो हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या तळावर, खेचरांच्या सोबतीने. तिथले जवान त्याला ‘बहादूर’ म्हणत. पंधरा-सोळा हजार हिंदुस्थानी गॅलिपोलीत होते. हे सांगितल्यावर पोराने विचारलं, “आपली माणसं तिथे होती, हे यात का नाही लिहिलंय?” भाषणातून तीनशे काढून ती ओळ त्याने स्वतःच घातली.