पम्याची यादी आणि अण्णांची कॅसेट

आमच्या पम्याने ‘हे करा, हे ऐका’ अशी एक यादी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवली. ती आली नाही असा माणूस मिरजेत आता सापडायचा नाही, म्हणून इथे थोडक्यातच देतो. पहाटे साडेचारला उठा, गार पाण्याने आंघोळ, रोज एक पॉडकास्ट, दोन कोरियन मालिका, ‘मन शांत करणारे सात राग’ आणि झोपताना कृतज्ञतेची वही. खाली जोडलेले हात. आली ती पहाटे चार पस्तीसला. म्हणजे उठल्याउठल्या गड्याने पहिलं काम केलं ते आमच्या झोपमोडीचं.

संध्याकाळी दर्ग्यामागच्या टपरीवर विषय निघणारच होता. पण सुरुवात डॉक्टरांनी केली. आमचे डॉक्टर दातांचे.

“स्पॉटिफायचा वर्षाचा हिशोब आला,” ते म्हणाले. “माझ्या पहिल्या नंबरला काय, तर पावसाचा आवाज. नातवाला झोपवायला लावतो ना. आता ते मला बेडकं सुचवतंय.”

“तुम्ही दवाखान्यात बासरी लावायचा, तिचं काय झालं?” मेघाने विचारलं.

“बंद केली. पेशंट म्हणायला लागले, बासरी ऐकली की दाढ ठणकते.”

पम्या गंभीर झाला. विम्याचा एजंट असल्यामुळे त्याला गंभीर होण्याचा सराव आहे. “डॉक्टर, तुम्ही सिस्टीम पाळत नाही. मी बघा, काल तासाभराचा मारवा राग अर्ध्या तासात संपवला.”

“संपवला?” मेघाच्या बशीतला चहा सांडला. ती गाण्याच्या शिकवण्या घेते.

“दोनच्या वेगाला टाकायचा. स्वर बदलत नाही हो हल्ली, नुसता वेळ वाचतो.”

सलीम तोवर गप्प होता. तो थेट दुकानातून आला होता, बोटांना अजून घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची, पांढरी भुकटी लागलेली. सतारमेकर गल्लीत त्याचं तंबोऱ्याचं काम चालतं. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. धार लावायचा धंदा गेला, पण ती कुठे मुरली ते आम्हाला रोज कळतं.

“वाचलेल्या अर्ध्या तासात काय केलंस?” त्याने विचारलं.

“पॉडकास्ट ऐकला.”

“कशावरचा?”

पम्या थोडा घुटमळला. “मन एकाग्र कसं करावं.”

टपरीवाला पण हसला, आणि तो उधारीवाल्यांच्या विनोदाला सहसा हसत नाही.

“आणि मारवा संध्याकाळचा रे,” मेघा म्हणाली. “तू पहाटे पाचला ऐकतोस?”

“अमेरिकेत तेव्हा संध्याकाळच असते की!”

ह्याला मात्र सलीमसुद्धा हसला. पम्याचं असंच असतं, बावळटपणात मधूनच एखादा षटकार बसतो. मग तो तिथे थांबत नाही, हेच त्याचं दुर्दैव. “तुम्ही यादीला हसताय,” तो म्हणाला, “पण नासानं काय केलं होतं? १९७७ साली व्हॉयेजर यान सोडलं, त्यात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. सगळ्या जगातली निवडून सत्तावीस गाणी. यादीच की ती!”

“त्यात आपल्या केसरबाई केरकर आहेत,” अण्णा म्हणाले. अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण बोलताना अजून झेंडी दाखवल्यासारखा हात वर करतात. “गोव्याच्या केरी गावच्या. भैरवी. साडेतीन मिनिटं.”

“तेच तर सांगतोय!”

“खरंय पम्या,” सलीम म्हणाला. “तुझ्या यादीसारखंच आहे ते. पाठवून झाली, पण अजून कुणाच्या निळ्या खुणा आलेल्या नाहीत.”

इथे चर्चा संपायला हरकत नव्हती, पण मेघाला राहवेना. तिचं म्हणणं, यादीची टिंगल ठीक आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय माणूस ऐकतो कुठे? “भीमसेनजींचंच घ्या. गदगचं पोरगं, खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, घरातून पळालं.”

खाँसाहेब म्हटल्यावर आमच्याकडे आडनाव लागत नाही. अब्दुल करीम खाँ इथेच, भिंतीपलीकडे निजलेत.

“मग? त्याला कुणी यादी दिली होती?” सलीम म्हणाला. “तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. तेवढ्यावर पोराने घर सोडलं. ह्या पम्याकडे जगातलं सगळं गाणं खिशात आहे, हा कृष्णाघाटापर्यंत चालत जात नाही.”

“पुढचं ऐक की. ग्वाल्हेर झालं, कलकत्ता झालं, फिरत फिरत जालंधरला पोचले. तिथे कुणी सांगितलं, अरे, इकडे कशाला भटकतोस, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व तुझ्या घराजवळच आहेत, कुंदगोळला, त्यांच्याकडे जा? गायक विनायकबुवा पटवर्धनांनी. ही शिफारस नाही तर काय? आणि बुवा कुठले?”

“मिरजेचे!” अण्णांची झेंडी वर गेली.

मेघाने विजयाने बिस्कीट बुडवलं. पम्या तर असा फुलला, जणू बुवांनी त्याच्याच मोबाइलवरून निरोप धाडला होता.

सलीम दोन घोट चहा प्यायला. “मेघा, मान्य. पण बुवांनी एकच नाव सांगितलं. वीस नाही. आणि पोरगा समोर बघून सांगितलं. ह्याची यादी मला आली, डॉक्टरांना आली, ह्याच्या सासऱ्याला आली, आणि परवा ज्याचा क्लेम अडकला त्यालाही आली. त्याला म्हणे कृतज्ञतेची वही लिही.”

डॉक्टर म्हणाले, “मग तू एक सांग ना. मी काय ऐकू?”

सलीमला शिफारस करायला लावणं अवघड. तो म्हणाला, जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवायला बसतो तेव्हा दुपारभर एकच तार ऐकतो. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, खाली सूत सरकवायचं, परत छेडायची. केसभर जास्त घासलं की आवाज फुटतो, कमी घासलं की मुका राहतो. बरोबर जागा सापडली की एका तारेतून बाकीचे स्वर आपोआप उठायला लागतात. “या एकदा दुकानात. तासभर बसा. फुकट आहे.”

“तासभर एकच तार?” पम्या म्हणाला. “ह्याचा काही छोटा व्हिडिओ आहे का?”

आता त्याच्यावर सगळेच तुटून पडले. विपश्यनेचं प्रकरण निघालं. इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेला, मोबाइल जमा केला, पहाटे चारची घंटा, आर्य मौन, सगळं कबूल करून गेला आणि तिसऱ्या दिवशी परत. वर ‘मौनातून मी काय शिकलो’ यावर बेचाळीस मिनिटं बोलला.

“मला बारानंतर जेवण नाही हे झेपलं नाही,” पम्या म्हणाला. “पण तीन दिवसांत फरक पडला.”

“पडला की,” सलीम म्हणाला. “इथे आम्हाला फार शांत वाटलं.”

पम्या जरा दुखावलासा दिसला, म्हणून मी म्हटलं, जाऊ दे, निदान मनापासून पाठवतो. तर अण्णा उसळले.

“मनापासून? मला याला संगीतातलं एक अक्षर बोलू द्यायचं नाही! माझी कॅसेट आठवते का?”

आठवायची काय, पाठ आहे. पम्याच्या लग्नात त्याने अण्णांकडून टेपरेकॉर्डर नेला, आत नव्वद मिनिटांची कॅसेट तशीच राहिली. त्यात म्हणे अशी एक मैफल होती, की जिची दुसरी प्रत जगात नाही. वर काही भरलं जाऊ नये म्हणून अण्णांनी कॅसेटचे मागचे खुंट मोडून ठेवले होते, तर ह्या बाबाने भोकांवर चिकटपट्टी लावली आणि त्यावर मंगलाष्टकं भरली. त्या मैफलीचा शोक आम्ही गेली कित्येक वर्षं करतोय. दर उरुसाला गाणं रंगलं की अण्णा हळहळतात, ‘पण ती कॅसेट...’

“अण्णा,” डॉक्टर म्हणाले, “इतक्या वर्षांत विचारायचंच राहिलं. गाणं होतं कुणाचं?”

अण्णांनी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी प्यायले.

“सांगा की,” सलीम म्हणाला. “नाहीतर मी सांगतो. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत तंबोरा मीच लावून दिला होता.”

“सलीम!”

“स्वतः अण्णा. पूर्ण दीड तास. पहिल्या अर्ध्या तासानंतर गणपती, मी आणि मांडववाला.”

पम्याला हे कळायला जरा वेळ लागला. मग तो उभाच राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मी मिरजेच्या संगीताची सेवा केली!” सलीमने बाकावरून उठून त्याला मिठी मारली. अण्णा म्हणत होते की गळा त्या दिवशी बसला होता, पण ऐकतंय कोण. चहाचे पैसे पम्याच्या नावावर लिहिले गेले.